चिंचोक्याची खूण

तपासणीसाठी दाबाने पाणी भरलेल्या ब्लॉकच्या मागच्या भिंतीवर पहिला थेंब दिसला, तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले असावेत. थेंब मोहरीएवढा होता. परंतु पुसला की पुन्हा त्याच जागी उगवत होता. पुण्याहून आलेले इन्स्पेक्टर लेले यांनी तो आपल्या रुमालाने तिसऱ्यांदा पुसला आणि आमच्याकडे न पाहता म्हटले, "दुसरा घ्या."

दुसऱ्या ब्लॉकला त्याच जागी थेंब आला. तिसऱ्याला थेंब आला नाही, सरळ ओघळ आला.

ही गोष्ट एकोणीसशे त्र्याऐंशी सालची. कोल्हापूरच्या उद्यमनगरात, अगदी मागच्या रांगेत, आण्णा मगदूम यांची फौंड्री होती. तोवर आम्ही पंपाची चाके, उसाच्या चरकाचे भाग आणि गटाराची झाकणे ओतत होतो. इंजिनाचा ब्लॉक, म्हणजे ज्याच्या पोटात पिस्टन खालीवर होतात आणि ज्याच्या भिंतींमधून पाणी खेळते तो बिडाचा मुख्य ठोकळा, आमच्या भट्टीतून प्रथमच जन्मास आला होता. हे तीन नमुने उतरले असते, तर इंजिनांच्या एका मोठ्या कारखान्याचे काम आम्हांस कायमचे मिळणार होते.

मी तेथे पॅटर्नमेकर होतो. जे पुढे बिडात व्हायचे, ते आधी सागाच्या लाकडात घडवायचे, हे माझे काम. त्या लाकडी आकृतीचा, म्हणजे पॅटर्नचा, वाळूत ठसा उठवून साचा होई. माझे वय तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते आणि शिक्षण आठवीपर्यंत झालेले होते. मला त्या फौंड्रीत आणले ते भैरूमामांनी. ते माझे नात्याने कोणी लागत नव्हते. सगळी फौंड्रीच त्यांना मामा म्हणे. त्यांचे आडनाव कुंभार. वाडवडील मातीची मडकी घडवीत, हे वाळूचे साचे घडवू लागले. आमच्या गल्लीत मी दारे-खिडक्या करीत असे. तेथे माझा हात पाहून ते मला आण्णांकडे घेऊन गेले आणि म्हणाले, "ह्या पोराला ठेवा. चुकला तर मला धरा."

हे वाक्य त्यांनी सहज उच्चारले होते.

आमच्या फौंड्रीत एक रीत होती. साचा मिटण्यापूर्वी प्रत्येक मोल्डर वाळूत आपली खूण उमटवीत असे. पिराजी घाटगे खिळ्याने फुली मारी. मामा खिशातून चिंचोका काढीत आणि ब्लॉकच्या पायाजवळ तो अंगठ्याने दाबून अलगद उचलून घेत. ओतकाम निवाले की त्या जागी बिडाचा चिंचोका उमटलेला असे. तीस वर्षे त्यांनी ही खूण केली होती. त्याच रीतीची दुसरी बाजू अशी होती की, ओतकाम नापास झाले तर ज्याची खूण त्यानेच ती छिन्नीने उडवावी आणि घण घालून ते ओतकाम स्वतः फोडावे. मामांवर ही पाळी इतक्या क्वचित आली होती की, नव्या माणसांना त्यांचा घण कोठे ठेवलेला असतो हेही ठाऊक नव्हते.

आता थोडे कामाविषयी सांगणे भाग आहे. ब्लॉकमध्ये पाणी खेळण्याची पोकळी राहावी म्हणून साच्यात भाजलेल्या वाळूचा एक गाभा बसवतात. त्याला आम्ही कोर म्हणतो. कोर ज्या लाकडी पेटीत घडतो, तो कोरबॉक्स मी केला होता. तो कोर साच्यात बसवला होता मामांनी. म्हणजे त्या तीन ओल्या ब्लॉकांविषयी उत्तर द्यावयाचे असेल, तर ते आम्हा दोघांपैकी एकाला द्यावयाचे होते.

लेल्यांनी थेंबाच्या जागी ड्रिलने भोक पाडावयास लावले आणि माप घेतले. भिंत सहा मिलिमीटर हवी होती. ती तीन भरली.

"कोर मागे सरकलाय," ते म्हणाले. "बसवणाऱ्याचा दोष."

मामा पुढे झाले. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. "न्हाई साहेब. कोर घट्ट बसत हुता म्हणून बुडाला जरा कानस मारली, एवढं खरं. पण सरकला न्हाई."

"कानस मारलीत? मग आणखी काय हवं?" लेल्यांनी वही उघडली.

कानशीविषयी त्यांना कोणी विचारले नव्हते. मामांनी ते आपण होऊन सांगितले. मला मात्र त्या क्षणी आठ दिवसांपूर्वीची दुपार आठवली. मामा माझ्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले होते आणि हसत म्हणाले होते, "दिनकर, तुझा कोर नव्या नवरीगत अंग चोरतोय बघ. खोबणीत बसायलाच तयार न्हाई." मीही हसलो होतो. कोरबॉक्सचा रंग नवा आहे, थोडा जाड लागला असेल, तुम्ही जरा घासून घ्या, असे मीच त्यांना सांगितले होते. हे मी आता सर्वांसमक्ष म्हणावयास हवे होते. मी म्हणालो नाही. विचारले तर सांगू, असे मी मनाशी ठरवले. आणि कोणी विचारले नाही.

मामा ब्लॉकजवळ उकिडवे बसले आणि त्याच्या अंगावरून हात फिरवू लागले. मग वर पाहून आण्णांना म्हणाले, "आण्णा, ह्याला उपाय हाय. कोर सरकला असंल तर मागची भिंत जेवढी पातळ झाली, तेवढी म्होरली जाड झाली असणार. म्होरल्या अंगाला कड हाय, तितं ड्रिल चालायचं न्हाई. पण फोडून बघता येतंय. नऊ निघाली तर माजा हात चुकला. सहाच निघाली, तर..."



"तर कोरच मोठा," आण्णांनी वाक्य पुरे केले. "म्हणजे कोरबॉक्स चुकला." आणि सर्वांच्या नजरा माझ्याकडे वळल्या.

आण्णा रागीट गृहस्थ नव्हते. ते मला म्हणाले, "दिनकर, आधी जा, कोरबॉक्सला पट्टी लावून ये. मग फोडून बघायचं का नाही ते ठरवू."

मी माझ्या खोलीत गेलो. दार लोटून घेतले. खिळ्याला दोन पट्ट्या टांगलेल्या होत्या. बीड निवताना शंभरात एक भाग आकसते, पोलाद शंभरात दोन भाग आकसते. म्हणून पॅटर्नमेकरची पट्टी साध्या पट्टीपेक्षा तेवढीच लांब केलेली असते, बिडासाठी वेगळी आणि पोलादासाठी वेगळी. दिसावयास दोन्ही सारख्या. फरक कळतो तो टोकावर कोरलेल्या आकड्यावरून. ज्या आठवड्यात मी हा कोरबॉक्स केला, त्याच आठवड्यात शेजारच्या एका पोलाद ओतणाऱ्या कारखान्याचे चाकही करीत होतो. दोन्ही पट्ट्या एकाच खिळ्याला होत्या.

मी एकचा आकडा असलेली पट्टी कोरबॉक्सला लावली. माप तीन मिलिमीटर जास्त भरले. मग दोनचा आकडा असलेली पट्टी लावली. माप तंतोतंत भरले.

तेथे मी किती वेळ उभा होतो हे सांगता येणार नाही. बाहेर भट्टीचा पंखा चालू होता. आदल्याच दिवशी आण्णांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून लेल्यांना म्हटले होते, "हा आमचा सुतार. आठवी शिकलाय, पण ड्रॉइंग इंजिनिअरसारखं वाचतो." त्या वाक्याने मला रात्रभर झोप आली नव्हती. मी ते वाक्य पत्नीला दोनदा सांगितले होते. आता मला असे वाटले की, मी बाहेर जाऊन खरे सांगितले, तर त्या वाक्यातील फक्त 'आठवी' एवढाच शब्द शिल्लक राहील. आणि मग मी एक हिशेब केला. मामांच्या नावाला तीस वर्षांचा आधार आहे. त्यावर एक डाग पडला तर तो दिसणारही नाही. माझे नाव कालचे आहे. ते यात बुडून जाईल. हा हिशेब मला त्या वेळी अगदी न्यायाचा वाटला.

मी बाहेर आलो.

"बरोबर आहे," मी म्हणालो.

"पट्टी लावलीस?" आण्णांनी विचारले.

"लावली."

हे दुसरे उत्तर तर खरेच होते.

मामा अजून उकिडवेच बसलेले होते. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिले. ते पाहणे संशयाचे नव्हते. संशयाचे असते, तर कदाचित मी तेथेच ढासळलो असतो. एखादे कोडे सुटले की माणूस जसा पाहतो, तसे त्यांनी पाहिले. गुडघ्यावर हात टेकून ते उठले आणि आण्णांना म्हणाले, "दिनकरनं पट्टी लावून बघितली म्हंजे झालं. आता फोडून काय बघायचं? माजाच हात हलला असंल."

लेले कचेरीत चहा घेत अहवाल लिहावयास बसले. आण्णांनी त्यांच्याकडे आणखी तीन नमुन्यांची मुदत मागितली आणि मोठ्या मिनतवारीने पंधरा दिवस मिळवले. नापास ब्लॉक पुन्हा भट्टीत जावयाचे होते, म्हणून ते फोडणे आलेच. मामांनी कोपऱ्यातून आपला घण आणला. आधी छिन्नीने तिन्ही ब्लॉकांवरचे चिंचोके उडवले. पिराजी जवळ जाऊन म्हणाला, "मामा, द्या हिकडं, मी फोडतो." मामांनी मान हलवली. "खूण माजी हाय."

त्यांनी घाव घातले. बीड फुटताना पितळेसारखे वाजत नाही. त्याचा आवाज कोरडा असतो. मामांनी तुकड्यांकडे पाहिले नाही. तिसरा ब्लॉक फुटला तसे ते घण टेकवून पाण्याच्या माठाकडे गेले आणि पाठमोरे उभे राहिले.

तुकडे वेचावयास मी पुढे झालो. वास्तविक ते माझे काम नव्हते. घमेल्यात तुकडे भरत असता मला पुढच्या भिंतीचा एक तुकडा सापडला. त्याची जाडी मला पट्टीवाचून कळत होती. कोर सरकला असता, तर ती नऊ असती. ती सहाच होती. तो तुकडा तळहातावर मावेल एवढा होता. माठापर्यंतचे अंतर दहा पावलांचे असेल. मी तो घमेल्याच्या तळाशी घातला, वर दुसरे तुकडे रचले आणि घमेले उचलून भट्टीच्या माचीवर नेऊन दिले.

त्यानंतरचा सोमवार सुट्टीचा होता. त्या दिवशी मी एकटा फौंड्रीत गेलो आणि कोरबॉक्सच्या आतून सागाच्या पातळ पट्ट्या चिकटवून माप बरोबर केले. वरून जुना रंग घोटून लावला. कोणाच्या लक्षात येणार नाही असे ते काम झाले. माझ्या हातून इतके सफाईचे काम पूर्वी झाले नव्हते.

आण्णांनी कोर बसवण्याचे काम पिराजीकडे सोपवले. ते मामांशी कठोरपणे वागले असे मी म्हणणार नाही. "चार दिवस दुसऱ्याला बघू दे, मामा," एवढेच ते म्हणाले. पिराजीने तीन कोर बसवले. ते घट्ट बसले नाहीत, कानस लागली नाही. तिन्ही ब्लॉक पाण्याला उतरले. लेल्यांनी रुमाल खिशातून काढलासुद्धा नाही. फौंड्रीत पेढे वाटले गेले. मामांनी पिराजीची पाठ थोपटली, माझ्याजवळ आले, हातावरचा अर्धा पेढा मला दिला आणि म्हणाले, "बघ दिनकर, हात बदलला आणि काम सुधारलं. मी उगंच तुझ्या कोरबॉक्सवर घालत हुतो."

मी तो पेढा खाल्ला.

या गोष्टीची मी कल्पना केली नव्हती. माझा हिशेब एका डागाचा होता. परंतु मी माझी चूक गुपचूप दुरुस्त केली आणि त्याच दुरुस्तीने मामांचा दोष सिद्ध केला. आता शंकेस जागा उरली नाही. सर्वांत कमी जागा उरली ती मामांच्याच मनात. पुढे वर्षभर ते गटाराची झाकणे आणि तराजूची वजने ओतीत राहिले. झाकणावर खूण करण्याची गरज नसते, तरी पूर्वी ते गमतीने करीत. आता करीत नसत. वर्षानंतर त्यांनी काम सोडले आणि गारगोटीच्या पुढे आपल्या वाडीवर निघून गेले. निरोपाच्या दिवशी त्यांनी आपली कानस मला दिली.

त्यानंतर बावीस वर्षे गेली. आण्णा वारले. मी शिरोलीस स्वतःचे पॅटर्नशॉप काढले, त्यास जोडून लहानशी फौंड्री उभी केली. लोक मला दिनकरराव म्हणू लागले. आण्णांच्या पश्चात ब्लॉकचे काम माझ्याकडे आले; दोन सिलिंडरचा तो ब्लॉक आम्ही अजून ओततो. एका दिवाळीनंतर कोणीतरी सांगितले की भैरूमामा फार थकले आहेत, डोळ्यांनी दिसत नाही. तेव्हा मी एक काम केले. ब्लॉकच्या सागाच्या पॅटर्नवर, पायाजवळ, मी स्वतःच्या हाताने एक चिंचोका कोरून बसवला, म्हणजे यापुढे प्रत्येक ब्लॉकवर तो आपोआप उमटावा. बिडाच्या एका लहान तुकड्यावर तसाच चिंचोका ओतून घेतला. तो तुकडा आणि ती दोनचा आकडा असलेली जुनी पट्टी पिशवीत घालून मी वाडीवर गेलो.

मामा पडवीत घोंगड्यावर बसले होते. आवाजावरून त्यांनी मला ओळखले आणि त्यांना फार आनंद झाला. त्यांच्या सुनेने चहा आणला. पडवीच्या कडेला मातीचा ढीग झाकून ठेवलेला होता. सून बोलकी होती. ती सांगू लागली की, घरात गणपतीच्या मूर्ती होतात, मामंजी माती मळून देतात, परंतु डोळे आखावयास कधी बसले नाहीत. दिसत होते तेव्हाही नाही.

"डोळं म्हंजे कामातलं काम," मामा म्हणाले. "आपला हात हलतोय. देवाचा डोळा सरकला तर काय करायचं?"

सून आत गेल्यावर मी सर्व सांगितले. खिळ्याच्या दोन पट्ट्या, दार लोटून घेतलेली खोली, घमेल्याच्या तळाशी घातलेला तुकडा, सोमवार. काही वगळले नाही. सांगताना मी त्यांच्या हातांकडे पाहत होतो. ते हात गुडघ्यांवर स्वस्थ होते.

 मामांनी चाचपडत माझा गुडघा शोधला आणि त्यावर थोपटले.

"दिनकर, लेका, तू लई मोठा झालास. म्हाताऱ्याचं मन राखायला एवढं खोटं कोण बोलतंय?"

"खोटं नाही, मामा. देवाशपथ सांगतो."

"तू तवा पट्टी लावून बघितलीस. मी तितंच हुतो की. तुझी पट्टी चुकायची न्हाई. मीच तुला आणलाय, मला ठाऊक न्हाई व्हय?"

मी पिशवीतून पट्टी काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी तिच्यावरून बोट फिरवले, टोकावरचा आकडा नखाने चाचपला आणि ती मला परत दिली. "पट्टी हाय," ते म्हणाले. "ह्यानं काय हुतंय?" ते रास्तच होते. त्या पट्टीने काही सिद्ध होत नव्हते. जे सिद्ध करू शकले असते, ते मी स्वतः भट्टीत घातले होते आणि ज्या कोरबॉक्सवर ते लिहिलेले होते, त्यावर मी स्वतः रंग घोटला होता. सर्व जगात ही गोष्ट जाणणारा मीच एक उरलो होतो आणि माझे त्यांना खरे वाटत नव्हते. त्यांचा माझ्यावर फार विश्वास होता, म्हणून.

शेवटी मी तो बिडाचा तुकडा त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांचा अंगठा आपोआप चिंचोक्यावर गेला आणि तेथेच थांबला. त्यांचा चेहरा मला पाहवेना. मी भराभर सांगू लागलो की, आता प्रत्येक ब्लॉकवर ही खूण येते, पॅटर्नवरच कोरली आहे, कधी पुसली जाणार नाही.

"कोर कोण बसवतंय?" त्यांनी विचारले.

"पिराजीचा पुतण्या बसवतो."

"मग हे काढून टाक." तुकडा त्यांनी माझ्या हातात ठेवला आणि माझी बोटे त्यावर मिटवली. "ज्याचा हात, त्याची खूण. मी न बसवलेल्या कोरवर माजं नाव कशाला? उद्या त्यो फुटला, तर फोडायला मी कुठनं येऊ?"

मी निघालो तेव्हा ते अंगणापर्यंत भिंत धरून आले. पुढच्या आषाढात ते गेल्याचे कळले.

वाडीवरून परतल्याच्या दुसऱ्या दिवशी मी पटाशी घेऊन पॅटर्नसमोर बसलो आणि चिंचोका उडवला. चिंचोका पक्का बसवलेला होता. निघताना खालच्या सागाचा थोडा कपचा घेऊन निघाला आणि तेथे एक उथळ खळगा पडला. लाकडाचा भुसा आणि सरस भरून तो बुजवणे हे पाच मिनिटांचे काम होते. मी भुसा कालवलाही. नंतर तो तसाच वाळून गेला.

तो खळगा मी अद्याप भरलेला नाही. त्यामुळे आमच्या फौंड्रीतून जाणाऱ्या प्रत्येक ब्लॉकवर, पायाजवळ, बोटाला लागेल न लागेल अशी एक खोलगट खूण येते. तिने काही बिघडत नाही. परंतु एखादा नवा इन्स्पेक्टर आला की त्याचे बोट तेथे अडखळते आणि तो विचारतो, हे काय आहे, साचा नीट झाला नव्हता का, मोल्डर कोण होता?

मी त्याला सांगतो, मोल्डरचा दोष नाही. पॅटर्न चुकला आहे. पॅटर्न मी केला आहे.